गिटार खर्जात उतरवताना

आमच्या गायकाचा आवाज खालच्या पट्टीत खुलतो. वरच्या पट्टीत तो सूर सोडत नाही, पण गळ्यावर येणारा जोर ऐकू येतो. म्हणून निम्मी गाणी खाली आणायची ठरली. गिटारवर त्याचा अर्थ असा की सहावी तार ई वरून सी वर न्यायची आणि उरलेल्या पाच तारा दोन-दोन अर्धस्वर (सुरांमधल्या सगळ्यात लहान पायऱ्या) उतरवायच्या. हे झालं ड्रॉप सी: जाड तारेपासून सी, जी, सी, एफ, ए, डी. खुंट्या पिळायला दोन मिनिटं पुरतात. पण उतरवलेली गिटार सुरात राहावी, हाताला बरी लागावी आणि डिस्टॉर्शनमध्ये (अँपच्या फाटक्या, खरखरीत आवाजात) चिखल होऊ नये यासाठी कुठली तार आणि कुठली गिटार घ्यायची, हे जुळवण्यात बरेच महिने गेले. त्यातलं जे उपयोगी वाटलं ते सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात नेहमीच्याच १० च्या सेटवर केली. या सेटमध्ये पहिली तार ०.०१० इंचाची आणि सहावी ०.०४६ इंचाची. ही ४६ ची तार सी वर आणली की बोटाखाली दोरीसारखी लोळते. जरा जोरात छेडली तर फ्रेटवर (गिटारच्या दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) आपटते, आणि ट्यूनरकडे बघत वाजवली तर काटा आधी वर उडी मारतो आणि मग हळूहळू खाली येऊन स्थिरावतो. छेडताना तार क्षणभर ताणली जाते आणि तो वाढीव ताण सूर चढवतो. तार मुळातच सैल असेल तर हा वाढीव ताण प्रमाणात मोठा ठरतो. जोरकस रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्यात) प्रत्येक ठोक्याची सुरुवात चढी आणि शेवट सुरात, असं होतं. दुसरी गिटार सोबत असेल तर दोघी सतत एकमेकींपासून किंचित बाजूला सरकलेल्या ऐकू येतात.

हे सगळं आकड्यांत मांडल्यावर माझा गोंधळ बराच कमी झाला. तारेची लांबी, ताण आणि वजन यांवरून तिचा सूर कसा ठरतो, हे सतराव्या शतकात मरीन मर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने मांडलं. आजही तार बनवणाऱ्या कंपन्यांचे ताणाचे तक्ते त्याच नियमावर उभे आहेत. २५.५ इंच स्केलच्या, म्हणजे तारेची वाजणारी लांबी तेवढी असलेल्या, गिटारवर ४६ ची तार ई वर असताना तिच्यावर सुमारे साडेसतरा पौंड ताण असतो. ड्रॉप डीमध्ये, म्हणजे फक्त सहावी तार डी वर आणली की, तो १४ च्या आसपास येतो, सी वर ११, आणि बी वर १० च्याही खाली. प्रत्येक अर्धस्वराला ताण साधारण ११ टक्के घटतो. तो भरून काढायचा असेल तर दर अर्धस्वराला तार साधारण ६ टक्के जाड घ्यावी लागते. चार अर्धस्वर खाली जायचं, तर ४६ च्या जागी ५८ ची तार.

ज्याला खाली जायचंय त्याने दुकानात जाण्याआधी हा एवढाच हिशोब कागदावर करावा, असं मी प्रत्येकाला सांगते. कारण ‘ड्रॉप ट्यूनिंगसाठी जाड सेट घे’ हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. मीही ११ ते ५६ चा तयार सेट लावून पाहिला. त्यातली ५६ ची तार सी वर सुमारे १६ पौंडांवर बसते, छान. पण त्याच सेटमधली पाचवी तार ४४ ची आहे, आणि ड्रॉप सीमध्ये ती जी वर असते. म्हणजे ती फक्त दोनच अर्धस्वर उतरलेली. तिच्यावर साडेबावीस पौंडांच्या आसपास ताण येतो. चौथी, ३२ ची, तीही २२ च्या जवळ जाते. सहाव्या तारेवरून पाचवीवर बोट सरकवलं की एकदम वेगळी गिटार हातात घेतल्यासारखं वाटतं. तीन तारांवर एकच बोट आडवं टाकून पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम) धरण्याची सोय हा ड्रॉप ट्यूनिंगचा खरा आनंद, आणि नेमक्या त्याच तीन तारा आपापसात बेबनाव करतात. जाड सेट बहुतेक वेळा सगळ्या तारा सारख्याच खाली न्यायच्या हिशोबाने बांधलेले असतात. सी स्टँडर्ड किंवा बी स्टँडर्डसाठी (नेहमीचं ट्यूनिंग जसंच्या तसं सी किंवा बी पर्यंत खाली) ते ठीक. ड्रॉप ट्यूनिंगमध्ये सहावी तार एकटीच जास्त खाली जाते, त्यामुळे तिला इतरांपासून वेगळं काढून बघावं लागतं.

म्हणून सुट्या तारा घेऊन सेट स्वतः बांधायला लागले. पाचवी ४४ वरून ४० वर आणली. चौथी ३२ वरून ३०. तिसरी १९, दुसरी १४, पहिली ११. सहावी ५८. आता पाचवी आणि चौथी १९ पौंडांच्या आसपास, सहावी साडेसतराच्या जवळ, तिसरी १६ च्या जरा वर. नेहमीच्या १० च्या सेटवर स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये जी चढउतार हाताला सवयीची आहे, जवळजवळ तीच इथे खाली उतरली. सहा तारांचा एकूण ताण आधी १०३-१०४ पौंड होता, तो १०१-१०२ झाला. म्हणजे सुमारे ४७ किलोवरून ४६. त्यामुळे नेक (गिटारची दांडी) जवळपास जागची हलली नाही आणि ट्रस रॉडला (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईला) हात लावायची वेळ आली नाही. जाड तारा लावल्या की नेक वाकते, ही भीती मला आधी होती. नेकला तारेची जाडी कळत नाही, तिला एकूण ओढ कळते.

तिसऱ्या तारेबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. काही जाड सेटमध्ये तिसरी तार साधी, म्हणजे वेढे नसलेली, आणि थेट २४ ची असते. इतकी जाड साधी तार कडक होते. ती फ्रेटवर दाबली की सूर चढतो, आणि सॅडल (गिटारच्या पोटावरच्या ब्रिजमधला तारेचा सरकता टेकू) मागे सरकवत नेला तरी बाराव्या फ्रेटवरचा सूर नीट जुळत नाही. त्याच ताणाची वेढ्याची तार आतून बारीक असते, त्यामुळे लवचिक राहते आणि कॉर्डमध्ये सुरेल लागते. पण वेढ्याच्या तारेवर बेंड घ्यायला (तार बाजूला ताणून सूर चढवायला) जास्त जोर लागतो आणि बेंड तेवढा वर जात नाही. माझी तिसरी तार एफ वर आहे, १९ ची साधी तार तिथे पुरते, म्हणून मी साधीच ठेवली. बी स्टँडर्डमध्ये ती डी वर आली असती, आणि मग मी वेढ्याचीच निवडली असती.

ताणाचं इतकं बोलले, पण सैल तार म्हणजे वाईट तार असं मला अजिबात म्हणायचं नाही. ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमीने १९६५ मध्ये पत्र्याच्या कारखान्यातल्या अपघातात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गमावली. तो डावखुरा, त्यामुळे तार दाबणारा हात नेमका तोच. त्याने बारीक तारा लावल्या. सुरुवातीला तर बँजोच्या तारा गिटारवर चढवल्या. १९७१ च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत गिटार तीन अर्धस्वर खाली आणली होती. त्याला सैलपणाच हवा होता, आणि त्या सैल तारांचा जो भरदार, लोळता आवाज आला त्यावर पुढे संगीताची एक आख्खी शाखा उभी राहिली. संथ, लांब वाजणाऱ्या रिफला सैल तार शोभते. आमच्या गाण्यांत तळहाताने दाबून वाजवायचे तुटक, वेगवान तुकडे जास्त आहेत. तिथे तारेने लगेच परत जागेवर यायला हवं. तुमचा ताण तुमच्या वाजवण्यावरून ठरवा, माझ्या आकड्यांवरून नको.

आता गिटार. घरात दोन होत्या: एक २४.७५ इंच स्केलची आणि एक २५.५ ची. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून) बाराव्या फ्रेटपर्यंतचं अंतर मोजून त्याची दुप्पट. पाऊण इंचाने असा काय फरक पडणार, असं वाटतं. पण ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे तेवढ्याने सुमारे ६ टक्के ताण कमी-जास्त होतो, म्हणजे जवळपास अर्ध्या अर्धस्वराएवढा. छोट्या स्केलवर ती ५८ ची तार सी वर किंचित मऊ लागली. हातालाही जाणवलं आणि सूर स्थिर होण्यातही. शिवाय त्या गिटारचा ब्रिज असा आहे की सॅडलला मागेपुढे सरकायला फारच थोडी जागा. जाड तारेला बाराव्या फ्रेटवर सूर जुळवायला सॅडल मागे न्यावा लागतो. इथे तो शेवटपर्यंत नेला, मग उलटा फिरवून बसवला, तरी दाबलेला सूर हार्मोनिकपेक्षा (तार न दाबता तिथेच नुसतं बोट टेकवून निघणाऱ्या सुरापेक्षा) केसभर चढाच राहिला. ती गिटार मी डी स्टँडर्डवर ठेवली आणि तिथे ती फार गोड बोलते.

मग २७ इंच स्केलची बॅरिटोन (खालच्या सुरांसाठीची लांब गिटार) काही दिवस वापरायला मिळाली. बॅरिटोन बघितली की वाटतं, खाली जाण्याचा प्रश्न मिटला. मी मात्र आधी पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून बघितला. २७ इंचाच्या गिटारवर पहिल्या फ्रेटला कॅपो लावला की उरलेली तार जवळजवळ बरोबर २५.५ इंच भरते. याचा अर्थ ही दीड इंच जास्तीची लांबी ताणाच्या हिशोबात एकाच अर्धस्वराची सोय करते, त्याहून जास्त नाही. बाकीचं काम तारेच्या जाडीनेच करायचं.

तरीही लांब स्केलचा एक फायदा ताणाच्या तक्त्यात दिसत नाही, तो कानाला कळतो. तेवढाच ताण ठेवून तिथे बारीक तार लावता येते: ५८ च्या जागी ५५ च्या आसपासची. तार बारीक आणि लांब असली की तिचा ताठपणा कमी, आणि मग तिचे वरचे स्वरांश मूळ सुराच्या नेमक्या पटींच्या जवळ राहतात. जाड, आखूड तारेत हे स्वरांश वर सरकतात आणि आवाजात पत्र्यासारखी एक झाक येते. दोन्ही गिटारी एकाच अँपमध्ये, डिस्टॉर्शन बंद करून, सहावी तार नुसती छेडून सोडली. २५.५ वर सी भरदार आला, पण सुरुवातीच्या क्षणात थोडा बोथट. २७ वर तोच सी पियानोसारखा, कडा स्पष्ट. बी आणि त्याहून खाली ए पर्यंत नेल्यावर हा फरक इतका वाढला की तिथे मी लांब स्केलशिवाय दुसरं काही सुचवणार नाही.

पण सी साठी मी २५.५ च ठेवली. पहिल्या चार फ्रेटचं अंतर २५.५ वर साधारण १३४ मिलिमीटर असतं आणि २७ वर १४१-१४२. हे सात-आठ मिलिमीटर करंगळीला प्रत्येक गाण्यात जाणवतात. माझ्या भागात वरच्या तारांवर पसरलेल्या कॉर्ड भरपूर आहेत. आणि बारीक तारांना लांब स्केलचा उपयोग नसतो. उलट त्या ताठ होतात आणि बेंड जड जातात. या अडचणीवर तिरप्या फ्रेटची गिटार हा उत्तम तोडगा आहे: जाड तारेकडे २७, बारीक तारेकडे २५.५. राल्फ नोवाक यांनी १९८९ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं. मी अशी गिटार वाजवून पाहिली. डोळ्यांना विचित्र दिसते, हाताला थोड्याच वेळात सवय होते. पुढची गिटार घेईन ती बहुधा हीच. सात तारांच्या गिटारचाही विचार केला होता. पण तिच्यातली सातवी तार बी वर असते आणि बाकी सहा नेहमीच्याच, त्यामुळे एका बोटाची पॉवर कॉर्ड जाते आणि मला तीच हवी होती.

ब्रिजबद्दल माझं मत ठाम आहे: ट्यूनिंग बदलत राहणार असाल तर स्थिर ब्रिज घ्या. तरंगता ब्रिज मागच्या स्प्रिंगांच्या ओढीवर आणि पुढच्या तारांच्या ओढीवर तोललेला असतो. एक तार उतरवली की तोल जातो, ब्रिज मागे झुकतो आणि बाकीच्या पाचही तारा चढतात. एकाच ट्यूनिंगवर कायम राहणार असाल तर हरकत नाही, आणि एकूण ताण आधीइतकाच ठेवलात तर स्प्रिंगांनाही फारसं छेडावं लागत नाही.

सगळ्यात जास्त फरक नटने पडला. ५८ ची तार ४६ साठी कोरलेल्या खाचेत बसत नाही, ती खाचेच्या कडांवर अडकून राहते. खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही, मग एकदम ‘टिंग’ असा आवाज येतो आणि सूर पुढे निघून जातो. बेंड घेतल्यावर तार परत जागेवर येत नाही तेही यामुळेच. अनेकजण इथे खुंट्यांना दोष देतात आणि त्या बदलतात. गिटार दुरुस्त करणाऱ्या कारागिराने माझ्यासमोर खाच रुंद केली. त्याच्याकडे वेगवेगळ्या जाडीच्या नटच्या कानशी होत्या. तारेपेक्षा अगदी किंचित जाड कानस घेऊन त्याने ती पुढे-मागे, हेडस्टॉककडे (खुंट्या असलेल्या टोकाकडे) थोडा उतार देत चालवली. चार हात मारले की तार बसवून बघायची, पुन्हा काढायची. खाचेचा तळ खाली जाऊ नये याची काळजी तो सतत घेत होता, कारण तळ खाली गेला तर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो. शेवटी खाचेत पेन्सिलीच्या शिशाची भुकटी घासली. त्यानंतर खुंटी फिरवली की सूर लोण्यासारखा सरकायला लागला. पण एकदा खाच रुंद झाली की त्यात पुन्हा ४६ ची तार लावली तर ती सैल बसते आणि खडखडते. म्हणून एक गिटार या कामासाठीच बाजूला काढायची तयारी हवी.

जाड तार चढवताना दोन गोष्टी सांभाळा. खुंटीच्या पुढे तार आधी काटकोनात मोडून घ्या आणि मोडलेल्या जागेच्या पुढे कापा, नाहीतर वेढे आतल्या तारेवरून सैल होतात आणि नवी कोरी तार मुकी वाजते. आणि ६० च्या वर जाणार असाल तर खुंटीच्या भोकातून तार जाते का ते आधी बघा.

बारावा फ्रेट जुळवताना क्लिप ट्यूनरवर विसंबू नका. सी म्हणजे ६५ हर्ट्झच्या जरा वर, तिथे त्याचा काटा भटकतो. केबल लावून, बाराव्या फ्रेटचं हार्मोनिक आणि दाबलेला सूर यांची तुलना करा. आणि ज्या जोराने गाण्यात वाजवता त्याच जोराने छेडा. हळुवार छेडून जुळवलेली तार रिफमध्ये चढी ऐकू येते. पिकअप (तारांचं कंपन टिपणारं त्यांच्याखालचं चुंबक) जाड तारेच्या बाजूला थोडा खाली उतरवला, आवाज लगेच मोकळा झाला.

अँपवर मात्र नवीन सवय लावून घ्यावी लागली. खाली गेल्यावर गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) कमी करायचा, वाढवायचा नाही, आणि बास डिस्टॉर्शनच्या आधी कापायचा. नंतर कापून उपयोग नसतो, चिखल तोपर्यंत झालेला असतो. मी ट्यूब स्क्रीमर जातीचा पेडल (पायाने चालू-बंद करायचा, आवाजाला धार देणारा डबा) अँपच्या पुढे ठेवते, ड्राइव्ह जवळजवळ शून्य, लेव्हल वर. त्याच्या सर्किटमध्ये साधारण ७२० हर्ट्झच्या खालचा भाग कमी वाढवला जातो, त्यामुळे अँपला मिळणारा सूर आधीच आवळलेला असतो. एकट्याने ऐकलं तर आवाज थोडा कृश वाटतो. बास गिटार सुरू झाली की तोच आवाज बरोबर जागेवर बसतो.

बासचा विचार तर आम्ही सगळ्यात आधी करायला हवा असं मला वाटतं, कारण गिटार सी वर गेली की बासही जाते, आणि तिचा सी ३३ हर्ट्झच्याही किंचित खाली असतो. नेहमीची ई ची तार तिथे नुसती फडफडते. आमच्या बासवाल्याने पाच तारांचा सेट आणून त्यातली सगळ्यात बारीक जी ची तार बाजूला ठेवली आणि उरलेल्या चार आपल्या चार तारांच्या बासवर चढवल्या: बी, ई, ए, डी. मग बी ची तार एक अर्धस्वर वर ओढून सी केली आणि बाकीच्या तीन तीन-तीन अर्धस्वर वर, जी, सी, एफवर. सहावी तार आणि बास एकत्र वाजल्यावर पहिल्यांदा खालचा सूर एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटला. मात्र वर ओढलेल्या त्या तीन तारा त्याला कडक वाटतात, म्हणून आता तोही सुट्या तारांचा तक्ता घेऊन बसला आहे. नटच्या खाचा रुंद करायला त्याची बास त्याच कारागिराकडे गेली आहे.